शेरेबुक

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालण्याच्या दिवसांत हात कितीही असले तरी कमीच पडतात. अशा वेळी मंदबुद्धीचे एखादे पोरही कामाला लागते. टोपली उचलते, कावळे हाकलते आणि सांजवेळी चारचौघांबरोबर जेवायला बसते. त्याची विचारपूस करायला सरकारी माणूस येत नाही. आळीतली दहा घरेच ते काम बिनबोभाट करतात. पण आई थकली की तिच्या मनात एकच प्रश्न घर करतो : माझ्यामागे याला कोण पाहील? ‘संस्थेत ठेवा,’ असे शेजारीपाजारी चटकन सांगतात. मग त्या संस्थेला कोण पाहील? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातले एक दुःखद पान आपल्याच ठाणे जिल्ह्यातले आहे.

१९१२ च्या वेड्यांच्या कायद्याने जन्मतः मंदबुद्धीचा माणूस आणि वेडा यांना एकाच व्याख्येत कोंबले. अन्यायच तो. परंतु त्याच कायद्यात एक शहाणपणाची गोष्टही होती. प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळावर निदान तीन ‘व्हिजिटर’ नेमायचे. त्यांपैकी दोघांनी, आणि त्यांत एक डॉक्टर हवाच, महिन्यातून एकदा तरी सारी इमारत हिंडून पाहायची, होईल तितक्या प्रत्येक रोग्याला भेटायचे, आणि वहीत शेरा लिहायचा.

शेरेबुकाची महती आम्हां शिक्षकांना वेगळी सांगायला नको. तपासणीच्या दिवशी फळा कसा चकचकीत होतो आणि पोरे उत्तरे कशी पाठ म्हणतात, ते आम्ही जाणतो. तरीही एखादे अवखळ पोर उभे राहून खरे ते बोलून टाकतेच! ज्या घरातल्या मुलांना बोलताच येत नाही, किंवा ज्यांच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, तिथे साहेबांनी काय ऐकावे?

मुंबईत मानखुर्दला १९४१ साली अशा मुलांसाठी निराळे घर निघाले; १९४४ मध्ये श्रीमती जय वकील यांनी आपल्या लेकीच्या निमित्ताने शाळा काढली. वेड आणि मतिमंदत्व या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे हळूहळू लोकांना उमगू लागले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मतिमंदत्व आपल्या व्याख्येतून स्पष्टच वगळले. योग्यच झाले; पण व्हिजिटरांची ती वही मात्र इस्पितळातच राहिली.

त्याचे मोल कळले ते १९९४ साली. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही! महाराष्ट्रभर संताप उसळला. पुढच्याच वर्षी अपंग व्यक्तींचा कायदा आला आणि संस्थांना नोंदणीचा दाखला सक्तीचा झाला. गंमत अशी की सरकारने स्वतः चालविलेल्या संस्थांना त्या नियमातून सूट होती. शिरूरचे घर तर सरकारीच होते!

आणि दाखला म्हणजे काही देखरेख नव्हे. उत्तन जिल्ह्याच्या समुद्राकडच्या टोकाला, तर शहापूर तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथल्या कवडास गावच्या मतिमंद मुलांच्या बालगृहात उपासमार, मृत्यू आणि अत्याचार झाल्याच्या बातम्या २०१० साली छापून आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्र वाचून आपण होऊन दखल घेतली, आणि मग राज्यातल्या अशा घरांची झडती सुरू झाली. म्हणजे खरा तपासनीस ठरला तो बातमीदार!

विलायतेतही हेच घडले होते. कार्डिफच्या इली रुग्णालयातील मतिमंद रोग्यांचे हाल एका सेवकाने १९६७ मध्ये वर्तमानपत्राला कळविले. चौकशीचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच रुग्णालये पाहत हिंडणारे स्वतंत्र मंडळ तिथे स्थापन झाले.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याने जुना व्हिजिटर नव्या वेषात परत आणला. तीन तरी माणसांनी, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, दर तीन महिन्यांनी मुलांच्या प्रत्येक घराला भेट द्यायची आणि आठवड्याच्या आत अहवाल धाडायचा. स्त्री हवीच हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिरूरच्या मुलींना कोणी बाईमाणसाने वेळीच भेटून विचारले असते तर!

पण हा नियम मुलांच्या घरांपुरता. प्रौढांच्या संस्थांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे. दर तीन महिन्यांच्या भेटीचे कलम त्या प्रकरणात नाही, आणि सरकारी संस्थांची सूटही तशीच आहे. किनाऱ्यावरची आई ज्या मुलाची चिंता वाहते, तो आई थकेपर्यंत बहुधा चाळिशीला आलेला असतो.