अरेखीय विश्लेषणातील विरूपित जाळीची दुरुस्ती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

फायनाइट एलिमेंट पद्धतीत, म्हणजेच सांत घटक पद्धतीत, वस्तूचे लहान लहान त्रिकोणी, चौकोनी अथवा घनाकार घटकांत विभाजन केले जाते. या घटकांच्या समूहास जाळी म्हणतात. वस्तूचा आकार अल्प प्रमाणात बदलत असेल, तर आरंभी आखलेली जाळी अखेरपर्यंत पुरते. परंतु तप्त धातूवरील घणाचा आघात किंवा मोटारीची टक्कर अशा अरेखीय प्रश्नांत वस्तूबरोबर जाळीही पिळवटली जाते. एखादा घटक आत दुमडला की त्याचा जेकोबियन निश्चायक ऋण होतो. गणिताच्या दृष्टीने त्याचे घनफळ शून्याखाली जाते आणि गणन थांबते. अशा जाळीच्या दुरुस्तीचे जे उपाय शोधले गेले, त्यांमुळे त्रुटीचे स्थान व स्वरूप बदलत गेले. त्रुटी नाहीशी मात्र झाली नाही. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे.

प्रश्नाचा उगम :

1943 साली रिचर्ड कूरांट यांनी त्रिकोणांच्या जाळीवर आसन्न उकल काढण्याची कल्पना मांडली. 1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांच्या शोधनिबंधामुळे विमानरचनेच्या विश्लेषणात घटकांचा वापर सुरू झाला आणि 1960 मध्ये क्लफ यांनी या पद्धतीला आजचे नाव दिले. हे आरंभीचे प्रश्न प्रामुख्याने रेखीय असल्यामुळे जाळी विरूपित होण्याचा प्रसंग क्वचितच येई.

तो प्रश्न तीव्रतेने पुढे आला तो अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामोस व लिव्हरमोर येथील अण्वस्त्र संशोधन प्रयोगशाळांत. तेथील गणने सांत भेद पद्धतीची असली, तरी अडचण हीच होती. लाग्रांज पद्धतीत जाळी द्रव्याबरोबर सरकते. द्रव्य भोवऱ्यासारखे फिरले की जाळी गुंतते आणि तिचे बिंदू नव्याने मांडावे लागतात. ऑयलर पद्धतीत जाळी स्थिर राहते व द्रव्य तिच्यातून वाहते. तेथे गुंता होत नाही, पण दोन द्रव्यांमधील सीमा पुसट होते. 1974 मध्ये हर्ट, अ‍ॅम्सडेन व कुक यांनी जाळीला द्रव्यापेक्षा स्वतंत्र गती देणारी मिश्र पद्धत मांडली. पुढे सांत घटक पद्धतीनेही तिचा स्वीकार केला.

दुरुस्तीचे मार्ग :

दुरुस्तीचे स्थूलमानाने तीन मार्ग दिसतात. पहिल्यात घटकांची जोडणी तशीच ठेवून बिंदू सरकवले जातात. प्रत्येक अंतर्बिंदू शेजारच्या बिंदूंच्या सरासरी स्थानी नेणे हा त्यातील सर्वांत सोपा उपाय. मात्र अंतर्वक्र कोपऱ्याजवळ तोच उपाय घटक उलटा करू शकतो. दुसऱ्या मार्गात बिंदू जागीच ठेवून जोडणी बदलली जाते. यासाठी देलोने यांचा 1934 मधील निकष उपयुक्त ठरला. 1981 मध्ये बॉयर व वॉटसन यांनी स्वतंत्रपणे दिलेल्या रीतींमुळे त्यावर आधारित जाळी संगणकावर रचणे सुलभ झाले. तिसऱ्या मार्गात जुनी जाळी टाकून नवी आखली जाते. धातूच्या घडाईच्या विश्लेषणात याला पर्याय उरत नाही.

माहितीच्या स्थलांतराचा प्रश्न :

नवी जाळी आखल्याने काम संपत नाही. सुघट्य अवस्थेतील धातू आपला पूर्वेतिहास बाळगतो. त्यातील प्रतिबले व साठत गेलेली विकृती जुन्या घटकांतील ठराविक बिंदूंवर नोंदलेली असतात. ती अंतर्वेशनाने नव्या बिंदूंवर नेताना शिखरमूल्ये बोथट होतात, तसेच स्थलांतरित प्रतिबले समतोलात राहतीलच असे नाही. एका दुरुस्तीत हा फरक नगण्य वाटतो; अनेक दुरुस्त्यांनंतर तो साठत जातो. दुमडलेला घटक गणन थांबवून आपले अस्तित्व जाहीर करतो, तर स्थलांतरातील त्रुटी गणन सुरळीत चालू असताना वाढते. म्हणूनच 1987 मध्ये झिएन्क्येविच व झू यांनी मांडलेला त्रुटीच्या अंदाजाचा निकष महत्त्वाचा ठरतो. जाळी कोठे अपुरी आहे हे केवळ तिच्या आकारावरून न ठरवता उत्तरातील अंदाजित त्रुटीवरून ठरवणे त्यामुळे शक्य झाले.

जाळीच्या दोषाची किंमत किती मोठी असू शकते, हे नॉर्वेतील स्लाइपनर-ए या तेलफलाटाच्या दुर्घटनेने दाखवून दिले. 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टावांगरजवळच्या खाडीत त्याचा काँक्रीटचा पाया बुडाला. भिंतींच्या सांध्यापाशी जाळी अयोग्य असल्यामुळे कर्तन प्रतिबल सुमारे 47 टक्क्यांनी कमी आले होते. सळयांची अपुरी गुंतवणही याला कारणीभूत ठरली. तेथील विश्लेषण रेखीय होते व जाळी स्थिर होती. गणन कोठेही अडले नव्हते. उत्तर मिळाले, ते चुकीचे होते.

निष्कर्ष :

1994 मध्ये बेलिट्श्को, लू व गू यांनी घटकविरहित गालेर्किन पद्धत मांडून जाळीच टाळण्याचा मार्ग दाखवला. तथापि, त्यात सीमाअटी लादणे अवघड जाते आणि गणनाचा खर्च वाढतो. त्यामुळे जाळी व तिची दुरुस्ती यांचे महत्त्व टिकून राहिले. आता दुरुस्ती बहुतांशी संगणक आपोआप करतो. परिणामी ती किती वेळा झाली आणि तीत काय गमावले, हे अभ्यासकाच्या नजरेआड होते. अभियांत्रिकीच्या अध्यापनात जाळी रचण्याच्या कौशल्याबरोबरच दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या ऊर्जेची, घनफळाची आणि प्रतिबलांची तुलना करण्याची सवय लावणे आवश्यक आहे, हाच या इतिहासाचा बोध होय.