एका मिलिमीटरचा हिशेब
१८५७ साली आपल्याकडे उठाव पेटला होता, त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचं .२२ रिमफायर रिव्हॉल्वर आलं. काडतुसाच्या कडेतच पेट घेणारी दारू, धक्का अगदी कमी. नेमबाजीला ते मानवलं.

नेमबाज लांब नळी का निवडतात? पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर नेम धरताना झालेली १ मिलिमीटरची चूक २५ मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटर होते. अंतर २५ सेंटिमीटर असेल, तर १०.

आजच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातही काडतूस .२२ रिमफायरच, पण साइटमधलं अंतर नियमाने जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर. उरलेलं काम हाताचं.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचा तोच हात कोपराच्या दुखापतीने अडला होता. २०१८च्या आशियाई खेळांत, पालेमबांगला, अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात राहीचे ३ नेम लागले, समोरचीचे २. आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली, एका गोळीच्या फरकाने.