पायवाटेचे देणे

कल्याणहून मुरबाडकडे जाताना एका टेकडीवर विठ्ठल-रखुमाईचे लहानसे देऊळ आहे. गावाचे नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात कोणाला खाली मान घालायला लावण्याचा हेतू नाही. तिथल्या सप्ताहात काल्याचे कीर्तन मी पुष्कळ वर्षे केले. टेकडीवर जाणारी वाट मुरुमाची, अवघड जागी दगड बसवलेली. काही वर्षांपूर्वी निधी मिळाला आणि वाट ‘सुधारली’. काम ज्यांना दिले ते इमारतींची कामे करणारे होते. त्यांनी सिमेंटच्या थरावर रंगीत ब्लॉक बसवले. उद्घाटनाला त्यांच्या हाती नारळ मीच दिला आणि कीर्तनात त्यांचे कौतुकही केले.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी थराखाली शिरले, माती वाहून गेली आणि ब्लॉक पोकळीवर डुगडुगू लागले. तिसऱ्या वर्षी एक वृद्ध माळकरी बाई तिथे पडल्या व खुब्याचे हाड मोडले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, “महाराज, वारीत इतकी वर्षं चिखल तुडवला, कधी पडले नाही. देवाच्या दारातच पडले.” मला उत्तर सुचले नाही.

गेल्या मार्गशीर्षात विश्वस्त घरी आले. म्हणाले, “महाराज, वाट पुन्हा करायची आहे, आता मातीचीच. ठेका कोणाला द्यावा आणि अटी काय घालाव्यात?” मी टाळ-वीणेचा माणूस, निविदेतले मला काय कळणार? पण नारळ दिलेला हात माझाच होता. म्हणून आपल्या या मुलखात पूर्वी वाटा कोणी आणि कशा केल्या, ते आठवू लागलो. जे आठवले ते वाचकांपुढे ठेवतो.

ठाण्याच्या येऊरपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांना जोडणाऱ्या खडकातल्या पायऱ्या व वाटा. तिथल्या ब्राह्मी लेखांत आपल्या कल्याणची माणसे भेटतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने तिथे पाण्याचे टाके दिले. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने काय दिले? वाट दिली. लेखात शब्दही ‘पथ’ असाच आहे. सज्जनहो, क्षणभर थांबून याचा विचार करावा. मूर्ती दिली असती तर लोकांनी हात जोडले असते, टाके दिले असते तर पिणाऱ्याने दुवा दिला असता. वाटेवरून माणूस चालून जातो आणि तिला विसरतो. आपल्या दानावर लोक पाय ठेवणार, हे जाणून ते दान करायला मन मोठे लागते. शिवाय खडक फोडणारी छिन्नी लोहाराच्या भट्टीतच तापते. दगडात काम कसे चालते हे त्या माणसाला सोनारापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार.

दुसरी वाट नाणेघाटाची. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल देशावर जुन्नरला जायचा तो मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून हा घाट चढून. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तिथे यज्ञांची आणि दानांची मोजदाद अंकांसह कोरली आहे. सिमुक, सातकर्णी अशा राजपुरुषांच्या प्रतिमाही होत्या. आज नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर मोठा दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. पाण्याची टाकी आहेत, त्यातले एक सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान. राजाने खिंड राखली, व्यापाऱ्याने पाणी दिले, असा तो संसार चालला.

नाना आणि गुणा या दोघांची एक लोककथाही सांगतात. दोघांनी घाट करायला घेतले; नानाचा तडीस गेला आणि त्याचे नाव राहिले. कथा म्हणूनच ती घ्यावी, पण लोकांच्या मनातली अट तीत दिसते: घेतलेले काम पुरे करील त्याचेच नाव वाटेला.

नाणेघाट मी तरुणपणी दोनदा चढलो. ओतूरला तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीच्या दर्शनाला आणि तिथून आळ्याला, माउलींनी वेद वदवलेल्या रेड्याच्या समाधीला जायचे होते. तेव्हा एक गोष्ट पाहिली. जिथे डोंगर फार उभा आहे तिथे खडकाच्या आणि दगडांच्या पायऱ्या आहेत. जिथे डोंगर सवड देतो तिथे वाट वळसे घेते. पाणी मात्र वाटेवर कुठे फार वेळ थांबत नाही. आपल्या कोकणच्या पावसात एवढी शतके जी वाट टिकली, तिने पाण्याशी भांडण केले नाही.

पुढच्या काळातले एक उलटे उदाहरण मला फार शिकवून गेले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या वाटांबद्दल लिहिले आहे. तिथे वाट सुगम नको आहे. शत्रूला सहज चढता येऊ नये म्हणून ती अवघड ठेवायची, झाडी वाढवायची. म्हणजे वाट कोणासाठी आहे हे आधी ठरते, मग ती कशी करायची ते. त्याच आज्ञापत्रात असेही आहे की आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत. लागलीच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावीत. कारण झाड एक-दोन वर्षांत होत नाही, रयतेने ते लेकरासारखे वाढवलेले असते. स्वराज्याच्या आरमारालाही ही मर्यादा होती, तर टेकडीवर वाट करणाऱ्या ठेकेदाराला का नसावी?

‘ठेकेदार’ हा शब्द आपल्या भागात खऱ्या अर्थाने मोठा झाला तो रेल्वेबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५४ साली ती कल्याणला आली. पुढे बोरघाटाचे काम १८५५ मध्ये फेवियेल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने घेतले. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या आरंभी तिथे मजुरांचा दंगा झाला आणि त्याच वर्षी ते काम त्याच्या हातून गेले. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आला, तो थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार माणसे नेमून काम पुढे नेले. १८६१ च्या जानेवारीत त्या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. १८६३ मध्ये घाट खुला झाला. रोगराईत आणि अपघातांत किती घरे उजाड झाली असतील, ते देव जाणे. लोहमार्ग आणि पायवाट यांत अंतर फार आहे, पण एक अट दोन्हींना सारखीच: ज्याच्या घमेल्याने वाट होते, त्याची मजुरी आधी.

फिरण्यासाठीच केलेल्या मातीच्या वाटा पाहायच्या तर माथेरानला जावे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे तो डोंगर चढले. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. तिथल्या तांबड्या मातीच्या वाटा आजही मोटारींविना आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. अलीकडे तिथे ब्लॉक बसवण्यावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाजू दोन्ही खऱ्या होत्या. पावसाळ्यात तांबडी माती धुऊन जाते हे खरे. ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो आणि डोंगराचे रूप जाते हेही खरे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवावेत, आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर नकोत. त्याच निकालात माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. वाटेचा विचार करता करता न्यायालय माणसापाशी आले, हे मला मोठे वाटले.

हे सारे मनात घेऊन मी विश्वस्तांबरोबर टेकडीवर गेलो. वनखात्यातून निवृत्त झालेले एक परिचित बरोबर होते. त्यांनी मातीच्या वाटेचे मर्म सोप्या शब्दांत सांगितले. डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी असावा. साधारण दहा हात चालल्यावर हातभर चढ, त्याहून फार नको. वाटेची दरीकडची कड किंचित खाली असावी, म्हणजे पाणी आडवे निघून जाते, वाटेने धावत नाही. चढत्या वाटेला मधूनमधून थोडा उतार द्यावा, तिथे पाणी वाट सोडते. ओहळ आडवा येईल तिथे दगड बसवावेत. जिथे हे साधणार नाही तिथे दगडी पायऱ्या. मी मनात म्हटले, नाणेघाटाने हेच सांगितले होते.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की डोळस माणसाने आंधळ्याला बरोबर घेऊन चालताना त्याच्या चालीने चालावे. हा दृष्टांत मी आयुष्यभर कीर्तनात ज्ञानी पुरुषाला लावला. टेकडीवर उभा असताना तो प्रथमच ठेकेदाराला लागू पडलेला दिसला. ज्याला नकाशा कळतो त्याने ज्याला कळत नाही त्याच्या पायाने चालावे. नाथमहाराजांनी वाळवंटात चटके सोसणारे लेकरू कडेवर घेतले ते आपल्याला ठाऊक आहे. वैशाखातल्या तापलेल्या ब्लॉकवर अनवाणी माळकऱ्याला चालायला लावताना आम्हाला ते आठवले नाही, हा दोष आमचा.

आता पालखीमार्गावरही, नोव्हेंबर २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या चौपदरी कामात, चालणाऱ्यांसाठी बाजूला वेगळी वाट धरली आहे. रस्ता वाहनांचा झाला तरी पायांची जागा मागावी लागते, हे आपल्या संप्रदायाने लक्षात ठेवावे.

विश्वस्तांना शेवटी अटी लिहून दिल्या. दर सांगण्याआधी ठेकेदाराने वाट एकदा कोरड्यात आणि एकदा पावसात स्वतः चालून पाहावी. त्याने पूर्वी केलेली आणि निदान दोन पावसाळे टिकलेली मातीची वाट आम्हाला दाखवावी; इमारतीचा दाखला इथे चालणार नाही. काम होईल तेवढे पहार, कुदळ आणि फावड्याने. यंत्र आणलेच तर ते वाटेहून रुंद नसावे. ओल्या मातीत काम बंद. झाड तोडायचे नाही, मुळे उघडी टाकायची नाहीत, काढलेली वरची माती बाजूला ठेवून पुन्हा पसरायची. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला. दोषदायित्वाची मुदत दोन पावसाळे. देयकाचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा संपल्यावर, आणि तोही गावातल्या वयोवृद्ध माळकऱ्यांनी वाट चढून-उतरून पाहिल्यावर.

एक विश्वस्त म्हणाले, “महाराज, सगळ्या अटी त्यालाच? आपल्याला एखादी नको?” बोलणे बरोबर होते. मातीची वाट एकदा करून संपत नाही. म्हणून तळाशी लिहिले: दरवर्षी मृग लागण्याआधी आणि दसऱ्यानंतर गावाने एकेक दिवस वाटेवर काम करावे, चर मोकळे करावेत, सुटलेला दगड बसवावा. जो येईल तो सप्ताहाचा मानकरी. ठेका मुदतीने संपतो, देणे संपत नाही. मराठीत ‘देणे’ म्हणजे दान आणि ‘देणे’ म्हणजे कर्जही. नंद लोहाराने पहिले दिले, आमच्याकडे दुसरे उरले आहे.

त्या माउली आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. वाट झाल्यावर पाहायला येईन, म्हणतात. चढवेल की नाही, पांडुरंग जाणे. पण शेवटच्या हप्त्याच्या अटीत ज्या वयोवृद्ध माळकऱ्यांची नावे लिहिली आहेत, त्यात पहिले त्यांचे आहे.

राम कृष्ण हरि.