काच वर का जात नाही? तळेगावच्या पोरक्या मोटारींची गोष्ट

तळेगाव दाभाडे आणि काच यांचे नाते मोटारींहून जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली येथे काच कारखाना निघाला. बरोबर शंभर वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, याच गावाच्या औद्योगिक वसाहतीत जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला आणि शेवरोले स्पार्क, बीट या गाड्या बाहेर पडू लागल्या.

मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. निर्यातीसाठी तळेगावात उत्पादन चालू राहिले, तेही डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे कारखान्याची जागा ह्युंदाईकडे गेली. गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या. अशा पोरक्या गाडीचे इंजिन अनेकदा धडधाकट असते. रुसते ती दाराची काच.

विजेवर चालणारी काच ही मुळात श्रीमंती थाटाची वस्तू. अमेरिकेत १९४० च्या सुमारास पॅकार्डने तेलाच्या दाबावर काचा हलवल्या. क्रायस्लरच्या १९५१ च्या इम्पीरियलमध्ये थेट विजेची मोटर आली. आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसेडरच्या दाराला हँडल असे व ते फिरवताना खांदा भरून येई. १९९१ साली टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यातून निघालेली टाटा सिएरा ही पॉवर विंडो मिळालेल्या पहिल्या काही भारतीय गाड्यांपैकी एक. म्हणजे या सुखसोयीच्या देशी इतिहासातले एक आरंभीचे पान पिंपरीच्याच परिसरात लिहिले गेले. वीस वर्षांत ती सोय छोट्या गाड्यांपर्यंत उतरली, आणि हँडलबरोबर एक साधी खात्रीही गेली: हँडल तुटले तर डोळ्यांना दिसते, विजेचा दोष दाराच्या पत्र्याआड लपतो.

त्यामुळेच काच अडली की थेट मोटर बदलण्याची घाई होते. ज्या गाडीची नवी मोटर सहज मिळत नाही, तिच्या बाबतीत ही घाई फार महाग पडते. मोटर बहुधा निर्दोष असते.

तपासाचा क्रम इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटावा: आधी साक्षी गोळा करायच्या, निवाडा नंतर. चारही काचा बंद असतील तर संशय फ्यूज, रिले किंवा अर्थच्या वायरीवर. एकच बंद असेल तर तिचा स्विच, कपलर आणि मोटर. काच खाली जाते पण वर येत नाही, ही साक्ष सर्वांत बोलकी. या मोटरीला उलटसुलट जोडणीने वीज दिली की ती दोन्ही दिशांना फिरते. एका दिशेला फिरली म्हणजे ती जिवंत आहे, आणि दोष बहुतेक वेळा स्विचच्या काळवंडलेल्या संपर्कपट्टीत सापडतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत शेजारच्या दाराची वीजही चालकाच्या मुख्य स्विचमधून जाते. तेव्हा डावी काच अडली तरी गुन्हेगार उजव्या दारात असू शकतो.

दुसरी युक्ती बिनखर्चाची. रात्री आतला दिवा लावून बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला तर वीज मोटरीपर्यंत पोचते आहे, अडथळा यांत्रिक आहे. मुळीच मंदावला नाही तर वाट मध्येच तुटली आहे. मोटरीचा आवाज येतो पण काच हलत नाही, तेव्हा रेग्युलेटरची, गॅरेजच्या भाषेत काचेच्या मशीनची, केबल तुटलेली असते. दार थोडे उघडल्यावर काच चालत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर आतून मोडलेली असते. तेथे ती रोज वाकते. पुन्हापुन्हा बटण दाबून मोटर गप्प झाली तर थांबावे: अनेक मोटरींत तापल्यावर वीज तोडणारी सोय असते, गार झाल्यावर ती परत चालते.

मावळातला पाऊस या आजाराला खतपाणी घालतो. काचेलगतचे रबर कडक झाले की ओल दारात उतरते, कपलरला हिरवट गंज चढतो. वाळलेल्या चॅनलमध्ये काच घासत गेली की मोटरीवर ताण येतो. चॅनल पुसून सिलिकॉन स्प्रे मारला तरी कित्येक ‘मेलेल्या’ मोटरी उठून बसतात. शिवाय फास्टॅगपूर्वीच्या काळात सोमाटणे किंवा उर्से नाक्यावरून नित्य जाणाऱ्या गाडीत चालकाची काच इतर तिघींपेक्षा कितीतरी जास्त वेळा खालीवर झालेली असते, हेही ध्यानात घ्यावे.

मोटर खरोखरच जळली असेल तर काच वर ओढून चिकटपट्टीने चौकटीला घट्ट बांधावी, मगच डोअर पॅडमागचे बोल्ट सोडावेत. नाहीतर ती दारात कोसळते. जुनी मोटर बरोबर नेऊन नव्या-जुन्या मोटरींशी बोल्टची छिद्रे, कपलरच्या पिना आणि गिअरची डावी-उजवी बाजू ताडून पाहावी लागते.