नाशिकमधील भाड्याची नाव : तरीपासून जलविहारापर्यंत

नाशिक परिसरातील नौकेच्या इतिहासात पैलतीर गाठण्याची गरज आणि जलविहाराची हौस यांत भेद करणे आवश्यक ठरते. पहिली गोष्ट जुनी. १८६८ च्या मुंबई इलाख्यातील तरीविषयक कायद्याने सार्वजनिक तरींवर सरकारी नियंत्रण आले. शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया पूल (आजचा अहिल्याबाई होळकर पूल) उभा राहिला आणि पावसाळ्यात पंचवटीस जाण्यासाठी नावाड्यावरचे अवलंबन ओसरले. हौसेची नाव मात्र या नदीत चालणे कठीणच होते. पावसाळ्यात महापूर, उन्हाळ्यात खडकाळ पात्रात जेमतेम धार. विस्तीर्ण, संथ पाणी मिळाले ते १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणामुळे. म्हणजे नाशिकचा जलविहार हा गोदावरीपेक्षा पाटबंधाऱ्याचाच वारसा होय. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब एकविसाव्या शतकात याच जलाशयाकाठी आला. परंतु नाशिककरांच्या नळाचे पाणीही मुख्यतः याच धरणाचे! त्यामुळे वल्ह्याची होडी आणि इंधनावर धावणारी बोट यांना एकच माप लावणे योग्य नव्हे. १८६८ च्या कायद्याचा विषय नदी ओलांडणे हा होता. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात जलयानांमुळे होणाऱ्या प्रदूषणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.