शंकरपट : परत आले ते आणि न आले ते



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘शंकरपटाचा इतिहास’ असे सांगून मी मोकळा झालो. घरी हे कळले तेव्हा पुण्यास नोकरीला असलेला माझा पुतण्या म्हणाला, “काका, म्हणजे जुनी आवृत्तीच चांगली होती, हेच सांगणार ना?” आवृत्ती हा शब्द त्याने त्याच्या जगातून आणला होता. संगणकावर मोटारींच्या शर्यतीचे खेळ असतात. त्यांपैकी ‘नीड फॉर स्पीड’ नावाची एक माला १९९४ पासून निघत आली आहे. नवी आवृत्ती निघाली की चित्रे अधिक हुबेहूब आणि मोटारी अधिक झगझगीत होतात, परंतु जुने खेळणारे कुरकुरतच असतात. पुतण्याची कुरकुर अशी की, जुन्या काही आवृत्त्यांत एकच पडदा मधोमध दुभागून दोघा मित्रांना शेजारी बसून आपसांत शर्यत लावता येई. पुढे ती सोय गेली. आता प्रतिस्पर्धी मिळतो, पण तो कोठेतरी दूर असतो. त्याच्या कोपराचा धक्का आपल्याला लागत नाही.

मी हे ऐकले आणि मनात म्हटले, याचे दुःख व माझे दुःख एकाच जातीचे आहे. फरक इतकाच की, त्याच्या खेळातून जे गेले ते खेळ तयार करणाऱ्यांनी काढले. माझ्या खेळातून जे गेले ते कोणी काढले? आज गावोगाव याचे एकच उत्तर मिळते: कायद्याने. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि ते का अपुरे वाटते एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

ज्यांनी पट पाहिलेला नाही अशी तरुण मंडळी सभेत दिसतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. पुण्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत जो बैलगाडा पळतो तो घाटावर, म्हणजे मुद्दाम बांधलेल्या चढावर पळतो. गाड्यावर माणूस नसतो आणि पुढे घोडी धावते. आपल्या विदर्भातील पट निराळा. येथे हलका छकडा, त्याला बैलांची एक जोडी, आणि वर कासरा धरून एकच धुरकरी. कोठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडतात, कोठे एकेक जोडी घड्याळावर पळवतात. यांपैकी पहिल्या प्रकारात डोळ्यांना निकाल कळतो, दुसऱ्यात तो पुकारावा लागतो. माझ्या पुतण्याचा दुभागलेला पडदा तो हाच, असे मी त्यास सांगितले तेव्हा त्याला फार मौज वाटली.

बैलांची शर्यत ही आपल्या देशात किती जुनी? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त काढून पाहावे. मुद्गल नावाच्या ऋषीची त्यात कथा आहे. त्याने गाडीला एका बाजूस बैल जोडला आणि दुसऱ्या बाजूस, बैल नव्हता म्हणून की काय, लाकडाचा सोट जोडला. आणि गाडी हाकली ती मुद्गलानीने, त्याच्या पत्नीने. शर्यत तिने जिंकली व गाई मिळवल्या. या सूक्ताच्या अर्थाविषयी पंडितांत पुष्कळ वाद आहेत, त्यांत मी शिरत नाही. पण कासरा बाईच्या हाती होता, याविषयी वाद नाही. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर येथे जो नामांकित पट भरतो, त्यात स्त्रियाही छकड्यावर उभ्या राहतात. पाहणारे तोंडात बोट घालतात. मला त्यात नवल करण्यासारखे काही वाटत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलढाण्याचे दोन भाग आपण सगळेच बोलण्यात मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. वर पठार, खाली पूर्णेचे काळे खोरे. खामगावचा कापसाचा बाजार भरभराटीस आला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीची शाखा झाली. आगगाडी मात्र स्टेशनापर्यंतच. शेतापासून बाजारापर्यंत कापूस गेला तो बैलगाडीनेच. राजूर घाटासारख्या उतारावर भरली गाडी सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने धुरेवर बसून पाहिले आहे त्यालाच ठाऊक. तेथे बैलाचे बळ लागते, त्याहून अधिक बैलाची समज लागते, आणि हाकणाऱ्याचा शब्द बैलाला कळावा लागतो.

या जिल्ह्याला बैलाचे स्वतःचे नावही होते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत वऱ्हाडी गुरांचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत: एक उमरडा, तो लहान चणीचा, आणि दुसरा खामगावचा, तो थोराड. ज्या गावाचे नाव बैलाला मिळाले, त्या गावाच्या आजच्या शाळकरी मुलांना ते ठाऊक आहे का, हे मास्तर मंडळींनी एकदा विचारून पाहावे. माझा अंदाज मी सांगत नाही.

तर पट होता तो या बैलांचा. आषाढात वखराला, भाद्रपदात डवऱ्याला, मार्गशीर्षात कापसाच्या गाडीला जी जोडी जुंपली, तीच पौष-माघात काम हलके झाले की पटात उतरे. पोळ्याला तोरणाखाली उभी राहणारी जोडी तीच. म्हणून पटाला जमलेल्या माणसांना प्रत्येक जोडीचे चरित्र पाठ असे. हा डावा बैल कोणाच्या गोठ्यात जन्मला, उजव्याने कोणते वावर किती वेळात वखरले, गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या गाळातून कोणाची गाडी याने ओढून काढली, या गोष्टी शर्यतीच्या आधी बोलून झालेल्या असत. हरणाराही बैल कोणाचा तरी कमावता बैल होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटेवर दिसे.

पण स्मृती ही मोठी लबाड असते. माझ्या लहानपणी, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, मी पटाला गेलो तो वडिलांच्या खांद्यावर बसून. गर्दी, धूळ, गुळाच्या शेवेचा वास, एकच आरोळी आणि डोळ्यांसमोरून सुसाट गेलेली पांढरी जोडी, एवढे मला लख्ख आठवते. पुष्कळ वर्षे मी एवढेच सांगत आलो. मात्र त्या दिवशी आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, ती सांगावयाची टाळत आलो. जिंकलेली जोडी परत आणली तेव्हा मी जवळ गेलो. उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर बारीक-बारीक भोके पडलेली होती आणि त्यांतून रक्त ओघळत होते. पराणीच्या टोकाला आर असते; ती किती खोल गेली होती, ते त्यावरून दिसत होते. मी वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “त्याला काही होत नाही.” बैलाची कातडी मात्र थरथरत होती. जुन्या आवृत्तीचे गुण गाताना हे पान फाडून ठेवता येणार नाही.

आता कायद्याचा भाग. तो थोडक्यात सांगतो, कारण वर्तमानपत्रांतून आपण तो वाचलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या वयाचाच. त्या कायद्याखाली ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांच्या यादीत वाघ, अस्वल, माकड यांच्याबरोबर बैलही घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींवरची बंदीही कायम केली. बैल हा घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला प्राणी नव्हे, असा त्या निकालातील एक मुद्दा होता. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, पण ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी, धाव १००० मीटरांहून अधिक नको. चाबूक, काठी, आर, विजेचा झटका यांपैकी काही चालणार नाही. क्रूरता केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे हिशेब असा झाला. कायद्याने आधी सारा खेळ काढून घेतला आणि मग परत दिला; परत देताना एकच गोष्ट ठेवून घेतली, ती आर. ज्याला तिचीच आठवण येऊन हळहळ वाटत असेल, त्याच्याशी मला बोलावयाचे नाही.

मग पट परत आला तरी माझ्या वयाच्या माणसांना तो रिकामा का वाटतो? येथे कायद्याकडून नजर काढून वावराकडे पाहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात पूर्वी कापूस आणि ज्वारी ही जोडपिके. ज्वारी माणसाला भाकर देई आणि बैलाला कडबा. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनचे पैसे बरे आले असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या कुटारावर बैलजोडी पोसली जात नाही. कडबा विकत घ्यावयाचा तर जोडीचा वर्षाचा खर्च भाड्याच्या ट्रॅक्टरहून अधिक पडतो. शेतकरी भावनेने चालत असेल, पण हिशेबानेही चालतो. पशुगणनेत २०१२ साली महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गाईबैल होते, ते २०१९ साली सुमारे १ कोटी ४० लाखांवर आले. ही घट न्यायालयाने घडवलेली नाही. २०१४ चा निकाल लागला त्या दिवशी पुष्कळ गावांतील गोठे आधीच रिकामे होते. बंदीमुळे झाले इतकेच की, रिकाम्या गोठ्याचा दोष देण्यास एक जागा मिळाली.

आणखी एक गोष्ट गेली, ती रात्र. आपल्याकडे तिचे महत्त्व कळणार नाही म्हणून विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या झाडीपट्टीत जावे लागते. तेथे दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडीच असे. पाहुणे पटाला येत, मुक्काम करत, लेकी माहेरी येत, सोयरिकी जुळत आणि रात्रभर मांडवात नाटक चाले. बंदीच्या वर्षांत तेथे पट थांबले, नाटके थांबली नाहीत. वडसा हे त्या नाटकमंडळ्यांचे माहेरघर आणि ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीने आपली रात्र जपली, म्हणून तेथे पट परतला तेव्हा त्याला राहावयास घर होते. आपल्याकडे परतलेल्या पटाला येणारा मनुष्य दुचाकीवर येतो, चार जोड्यांची चित्रे फोनमध्ये घेतो आणि दिवेलागणीला घरी असतो. यात कोणी दुष्ट नाही. मुक्काम करावा असे काही तेथे ठेवलेले नाही, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात मी असाच एक पट पाहावयास गेलो होतो. व्यवस्था उत्तम होती. बैलांचे डॉक्टर होते, ध्वनिक्षेपक होता, वेळ विजेच्या यंत्रावर मोजली जात होती. बैल एका लहान मालगाडीतून उतरले. पश्चिम महाराष्ट्रातून लाखो रुपये देऊन आणलेली खिलार जोडी, अंग असे चकचकीत की हात फिरवावासा वाटावा. कोणाच्याही हाती काठी नव्हती. धुरकऱ्याने नुसत्या आवाजावर जोडी पळवली आणि ती पहिली आली. मला खरोखर आनंद झाला. मी टाळ्या वाजवल्या हे कबूल करतो.

माझ्याबरोबर आमच्या गावचे एक वृद्ध शेतकरी होते. पटानंतर ते त्या जोडीजवळ गेले. जुन्या माणसांची सवय अशी की, बैल पाहावयाचा तर आधी दात आणि मग खांदा. त्यांनी डाव्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला, जेथे जुवाने घट्टा पडतो तेथे. मालक तरुण होता, आदबशीर होता. म्हाताऱ्यांनी विचारले, “वखराले चालते का?” तो हसून म्हणाला, “नाई जी आबा. याच्यावर जू फक्त पटातच.” म्हाताऱ्यांनी मान हलवली. हात मात्र थोडा वेळ त्या मऊ खांद्यावर तसाच राहिला. मग आम्ही चहा घेतला आणि शेवटची बस सुटायच्या आत फाट्यावर आलो.