स्टोरेज एरिया नेटवर्क (सॅन)

सर्व्हर आणि सामायिक डिस्कसंच यांना जोडणारे, केवळ साठवणीच्या वाहतुकीसाठी राखलेले वेगवान जाळे. त्यातून मिळणारी जागा सर्व्हरला स्वतःच्या डिस्कसारखीच दिसते. फाइली वाटून देणाऱ्या साठवणीहून (पहा : नॅस) ते येथेच वेगळे ठरते.

उगम : प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र डिस्क जोडल्यास एकाकडे जागा पडून राही, दुसऱ्याकडे अपुरी पडे. म्हणून डिस्क जाळ्यातून सामायिक करण्याची कल्पना पुढे आली. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फायबर चॅनल या जोडणी-तंत्राला १९९४ मध्ये अमेरिकेत मानकाचा दर्जा मिळाला. इथरनेटवरून हेच काम करणाऱ्या आयस्कझीचे मानक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वैशिष्ट्ये : मांडणीत एकमेकांपासून अलग अशी दोन फॅब्रिक (स्विचांची जाळी) उभारतात व प्रत्येक सर्व्हर दोन्हींना जोडतात (पहा : मल्टिपाथिंग). फायबर चॅनलमध्ये प्रत्येक पोर्टला ६४ बिटांचा जागतिक क्रमांक असतो. कोणी कोणाला दिसावे हे स्विचवरील झोनिंग ठरवते. एका झोनमध्ये सर्व्हरचे एकच पोर्ट ठेवणे सर्वांत सुरक्षित. बदललेला झोनसंच सक्रिय केल्याशिवाय लागू होत नाही, ही पायरी महत्त्वाची आहे. डिस्कसंचावर रेड गट (पहा : रेड) बांधून त्यातून लन (सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारे तार्किक भाग) काढतात आणि मास्किंगने ते ठरावीक सर्व्हरपुरते राखतात. क्लस्टरमध्ये नसलेले दोन सर्व्हर एकाच लनवर लिहू लागले, तर फाइल व्यवस्था बिघडून डेटा नष्ट होऊ शकतो.

महत्त्व : सर्व्हर बंद पडला तरी दुसरा सर्व्हर तेच लन हाती घेऊ शकतो. दूरच्या केंद्रात समकालिक प्रत ठेवता येते. मात्र प्रत्येक लेखन तेथील पोच येईपर्यंत थांबत असल्याने अंतराला मर्यादा पडते. चुकून पुसलेला मजकूर त्या प्रतीतूनही पुसला जातो. म्हणून वेगळा बॅकअप लागतोच (पहा : बॅकअप).